‘पणस’ म्हणणाऱ्या मुलाला ‘फ’ कसा शिकवायचा?

जूनचा दुसरा आठवडा होता. बाहेर पाऊस धरलेला, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग, आणि पहिलीच्या वर्गात फणसाचं चित्र हातात घेऊन मी उभी. “हे काय आहे, सांगा बरं?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “पणस!” चित्राखाली ठळक छापलं होतं, ‘फ फणसाचा’. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या त्या शाळेतलं माझं ते पहिलंच वर्ष. मी म्हटलं, “पणस नाही, फणस म्हणायचं.” वर्ग गप्प झाला. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने सरळ मनाने विचारलं, “बाई, पणसाक फणस कित्याक म्हणूचा?”

तिला मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. बहुधा “पुस्तकात तसंच आहे” असंच काहीतरी म्हटलं असेल. पण तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षं माझ्याबरोबर राहिला. त्या फळाचं नाव घेताना जिच्या कानात आधी ‘प’ वाजतो, तिच्यासाठी ते चित्र ‘प’चं आहे. त्याच चित्रावर मी ‘फ’ लादला, तर अक्षराचा आणि आवाजाचा एकमेकांशी काही संबंध नसतो, एवढंच ती शिकणार. आणि वाचायला शिकण्याचा सगळा पाया त्या संबंधावर उभा आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ‘निपुण’. हा शब्द सध्या प्रत्येक पालकसभेत ऐकू येतो. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे त्याचं उद्दिष्ट, आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण गावोगावी त्याचा अर्थ असा लावला जातो की लिहायला लवकर बसवा. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चार-चार वह्या दिसतात. आई शाळेच्या दारात थांबून विचारते, “बाई, ह्येका अजून ‘अ’ काढूक येना नाय, पहिलीत कसा होतला?”

तिची काळजी खरी आहे. म्हणून मूल वाचायला-लिहायला शिकतं तेव्हा त्याच्या कानात आणि हातात काय घडतं, ते पहिल्यापासून सांगते.

कानाचं जाळं

बोलताना आपण शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाही. खाडीच्या पाण्यासारखं बोलणं सलग वाहतं. त्यातून आवाज वेगळे पकडायचे, तर कानाला जाळं लागतं.

दर्यावर जाणाऱ्या घरातल्या मुलांना जाळ्याचा ‘आस’ ठाऊक असतो. आस म्हणजे जाळ्याचं भोक. मोठ्या आसाच्या जाळ्यात सुरमई अडकते, बांगडा निसटून जातो. आस लहान केला की बांगडा मिळतो. आणि जवळा, म्हणजे अगदी इवलीशी कोलंबी, धरायचा तर फार बारीक विणीचं जाळं हवं. लहान मुलाच्या कानाचंही तसंच आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या कानात अख्खा शब्द अडकतो: होडी, आजी, पाऊस. चार-साडेचार वर्षांचं झालं की शब्दाचे तुकडे हाती लागतात: हो-डी, आ-जी. त्याहून बारीक, म्हणजे ‘होडी’च्या सुरुवातीचा नुसता ‘ह्’, हा जवळा झाला. तो पकडायला आणखी वेळ लागतो, आणि पुष्कळ मुलांना तो अक्षरं हाताळायला लागल्यावरच सापडतो.

शब्दातले आवाज असे सुटे ऐकू येण्याला ध्वनिजाणीव म्हणतात. जड शब्द आहे, पण या लेखात एवढा एकच.

अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या हातात लाकडी दांडकी द्यायची आणि शब्दात जितके तुकडे ऐकू येतील तितके ठोके टेबलावर द्यायला सांगायचे. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना मोठे तुकडे मोजता आले. सुटे बारीक आवाज मात्र एकालाही मोजता आले नाहीत. पहिली संपत आलेल्या मुलांत मोठे तुकडे ९० टक्के मुलांनी आणि बारीक आवाज ७० टक्के मुलांनी बरोबर मोजले. ती इंग्रजी बोलणारी मुलं होती, पण मोठा तुकडा आधी आणि बारीक आवाज नंतर, हा क्रम आपल्याकडेही वर्गात रोज दिसतो.

यासाठी वही लागत नाही. भात शिजत असताना टाळ्या वाजवत बोलायचं: हो-डी, आ-जी, का-कू. ‘पापलेट’ला मूल बहुतेक दोनच टाळ्या देईल, पाप-लेट. देऊ दे. लिहिताना त्यात चार अक्षरं येतात हे त्याला पुढे कळेलच. आत्ता त्याच्या कानाला जे ऐकू येतं तेच बरोबर. मग विचारायचं, “‘म’ने सुरू होणारं चुलीजवळ काय काय आहे?” मिरची, मीठ, मोहरी, माठ. रात्री दिवे गेले की भेंड्या. आजी ज्या म्हणी आणि बडबडगीतं म्हणते, त्यांतलं यमक मुलाच्या कानाचं जाळं बारीक विणत असतं. पाच वर्षांच्या मुलासाठी अशी दहा मिनिटं मला ‘अ’ने भरलेल्या पानापेक्षा फार मोलाची वाटतात.

फोनिक्स मराठीला चालतं का?

शहरातून सुट्टीला येणारे पालक हा शब्द बरोबर घेऊन येतात. तो मुळात कशासाठी जन्मला ते पाहू. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा. ‘बी’ हे नाव, पण शब्दात वाजतो नुसता ब्. सव्वीस अक्षरांना चव्वेचाळीसच्या आसपास आवाज सांभाळावे लागतात. म्हणून तिथे नाव बाजूला ठेवून आवाज वेगळे शिकवतात. त्या पद्धतीचं नाव फोनिक्स.

मराठीत ही अडचणच नाही. ‘म’चं नाव म आणि आवाजही म. आपल्या मुलांना ही केवढी सवलत आहे! पण आपली दुसरी एक गोष्ट आहे, ती इंग्रजीत नाही. आपलं अक्षर म्हणजे एकटा आवाज नव्हे, आवाजाचा तुकडा. पेजेत मीठ विरघळावं तसा प्रत्येक व्यंजनात ‘अ’ विरघळलेला असतो. क म्हणजे क् आणि अ. म्हणून इंग्रजीच्या वह्यांची नक्कल करून ‘कमळ’चे क्, अ, म्, अ असे तुकडे चार वर्षांच्या मुलाला पाडायला लावणं म्हणजे मोठ्या आसाच्या जाळ्याने जवळा धरायला सांगणं. त्याच्या कानाला झेपतात ते क, म, ळ हे तुकडे. मराठीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

बारीक आवाज पुढे काना-मात्रेबरोबर सापडतो. का, कि, कु, के, को. तोंडाने म्हणता म्हणता मुलाच्या लक्षात येतं की यात काहीतरी तसंच राहतंय आणि काहीतरी बदलतंय. तसंच राहतं तो क्. खरं तर बाराखडी हेच मराठीचं फोनिक्स आहे. आपण तिचं पाठांतर करून टाकलं. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे ४०८ घरं. ती सगळी पाठ करायची तर डोंगर. पण चौतीस व्यंजनं आणि बारा खुणा वेगवेगळ्या कळल्या, तर शिकायच्या गोष्टी उरतात ४६. न पाहिलेला ‘झु’ मूल स्वतःच्या हिमतीवर वाचतं. म्हणून बाराखडी गाण्यासारखी म्हणायला माझी अजिबात हरकत नाही. पण ओळीने म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘पे’ दाखवून विचारा. तो जर ‘प पा पि पी’पासून मोजत येत असेल, तर त्याला चाल पाठ आहे, वाचन अजून यायचं आहे.

याला वेळ किती लागतो? कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच आहे. बंगळूरूच्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अक्षरांचा हा सगळा पसारा हाताखाली यायला मुलांना तिसरी-चौथी उजाडते, असं त्यात दिसलं. पहिलीच्या दिवाळीपर्यंत सगळी बाराखडी आली पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मुलं नेमकी कुठे अडखळतात

वाचता येणाऱ्या माणसाला काही अडचणी दिसेनाशा होतात. मुलाला त्या रोज दिसतात.

‘घर’ लिहितो दोन पूर्ण अक्षरं, म्हणताना शेवटचा अ गळतो: घर्. पहिल्यांदा वाचणारं मूल ‘घ...र’ असं दोन्ही अक्षरं लांबवत वाचतं आणि त्याला ते घर आहे हे कळतच नाही. अशा वेळी “पुन्हा वाच” म्हणून भागत नाही. “आता जलद म्हण. काय झालं?” असं विचारलं की चेहरा उजळतो.

च, ज, झ या तीन अक्षरांना मराठीत दोन-दोन आवाज आहेत. चूल आणि चिरा हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. जीभ दोन वेगळ्या ठिकाणी लागते. जाळं आणि जेटी, झाड आणि झेंडा, तसंच. एका चित्राने एकच आवाज शिकवला की मूल दुसऱ्या शब्दाशी अडतं. दोन्ही शब्द एकत्र द्यायचे आणि सांगून टाकायचं की हे अक्षर दोन घरचं आहे.

पहिली वेलांटी म्हणायची नंतर, लिहायची आधी. ‘कि’ म्हणताना क् आधी ऐकू येतो, पण हात आधी वेलांटी काढतो. अनुस्वाराचं तर असं की ‘आंबा’मध्ये तो म्, ‘अंगण’मध्ये ङ्, ‘चिंच’मध्ये ञ् होऊन वाजतो. ‘आमबा’ लिहिणाऱ्या मुलाने अगदी नेमकं ऐकलेलं असतं.

पण सगळ्यांत अवघड ‘र’. किनाऱ्यावरचेच पाच शब्द घ्या: रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), कुर्ली (खेकडा), समुद्र, ट्रॉलर, तिसऱ्या (खायचे शिंपले). पाचही शब्दांत र आहे आणि पाचही ठिकाणी त्याचं रूप वेगळं. रापणीत तो पूर्ण उभा. कुर्लीत ल्‌च्या आधी उच्चारतो, पण लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे हाताने ‘ली’ पुरी करून मागे वळायचं आणि रफार द्यायचा. समुद्रात तो द्‌च्या पोटाखाली तिरकी रेघ होतो. ट्रॉलरमध्ये ट्‌ला दांडा नाही म्हणून खाली दोन पाय काढतो. आणि तिसऱ्यांमध्ये य्‌ला हलकेच चिकटलेली ती अर्धगोल रेघ, आडवा र. ती नसती तर ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ लिहिण्यात फरकच राहिला नसता. मोठ्यांनाही जे शांतपणे समजावून सांगता येत नाही, ते सात वर्षांच्या मुलाने एका तासात उचलावं अशी आपली अपेक्षा असते. मी हे पाच शब्द पाच आठवड्यांना वाटून घेत असे. कोणी कुर्लीचं चित्र काढे, कोणी घरून तिसऱ्यांचे शिंपले आणे, आणि तो र त्या आठवड्याचा पाहुणा.

“पण बोलीमुळे शुद्धलेखन बिघडेल ना?”

हा आक्षेप मला शिकलेल्या पालकांकडून जास्त ऐकू आला. मालवणीत आंब्याला आंबो, बांगड्याला बांगडो. उत्तरेकडे आगरी-कोळी घरांत पाण्याला पानी आणि डोळ्याला डोला. मूल घरातून जे आवाज घेऊन येतं, तेच त्याचं भांडवल आहे. ते चुकीचं आहे म्हटलं की मूल आवाजाकडे लक्ष देणंच सोडतं आणि बाईंच्या ओठांकडे बघून उत्तर शोधू लागतं.

फणसाचं कोडं मी पुढे असं सोडवलं. पणसाचं चित्र ‘प’च्या भिंतीवर लावलं. ‘फ’साठी फुगो, फूल, फळो घेतले. या शब्दांत बोलीतही फ पक्का आहे. महिन्याभराने ‘फ’ सगळ्यांच्या ओळखीचा झाल्यावर पुस्तक उघडलं आणि सांगितलं, “आपल्या पणसाला पुस्तकात फणस म्हणतात.” आता त्यांच्याकडे दोन्ही आवाज होते आणि फरक त्यांनीच सांगितला. मावशीकडे गेल्यावर जसं वेगळं वागायचं असतं तसं पुस्तकात गेल्यावर वेगळं म्हणायचं, हे मुलांना चटकन कळतं. घरी पणसच खायचा.

‘पानी’ लिहिणाऱ्या मुलीच्या वहीवर लाल फुली मारण्याआधी तिला तो शब्द म्हणायला लावा. ती म्हणते तसंच तिने लिहिलंय, म्हणजे तिचा कान आणि हात एकमेकांशी नीट जोडले गेलेत. आता फक्त ‘ण’साठी जीभ टाळ्याकडे वळवून दाखवायची. बाण, कण, मण असे शब्द एका बाजूला. मान, कान, पान दुसऱ्या बाजूला. आठ दिवसांत ऐकू येतं, आणि ऐकू आल्यावर लिहिलंही जातं.

हाताची घाई

आता पेन्सिलीकडे. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक असतात. एक्स-रेत दिसतही नाहीत. शहाळ्यातल्या पातळ मलईचं खोबरं व्हायला जसा त्याचा त्याचा वेळ लागतो, तशी ती एकेक करून घट्ट होतात. सहा-सात वर्षांपर्यंत साधारण सात दिसू लागतात, आठवं त्याच्याही नंतर. लिहिणं काही एकट्या हाडांवर अवलंबून नाही. बोटांचे बारीक स्नायू आणि त्यांच्यावरचा मेंदूचा ताबाही याच वर्षांत येत असतो. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत धरून नुसती बोटं हलवत लिहिणं साडेचार ते सहाच्या दरम्यान जमू लागतं.

आकारांचाही क्रम आहे. गोल साधारण तिसऱ्या वर्षी काढता येतो, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचव्या. आता ‘अ’ पाहा. दोन अर्धगोल, मधून आडवी रेघ, मग दांडा, वर शिरोरेघ. मुळाक्षरांतलं हे काढायला अतिशय अवघड अक्षर, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाची सुरुवात आपण तिथून करतो. मग तो रडतो आणि आपण म्हणतो याला अभ्यासाची गोडी नाही.

हात तयार करायला कोकणात काय कमी आहे? लसूण सोलणं, भिजवलेले वाल सोलणं, काजूबिया दहा-दहाच्या ढिगांत लावणं, अबोलीची वेणी करताना आईला एकेक फूल देणं. श्रावणात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन मातीचा गोळा मागून घ्यावा आणि उंदीर करत बसावं. पुळणीवर भरतीची लाट परतली की मागे ओली वाळू राहते. तिच्याएवढी मोठी आणि मऊ पाटी कुठल्या दुकानात मिळत नाही. त्यावर खांद्यापासून हात फिरवून मोठा गोल, मोठी रेघ, पुढे मोठा ‘ग’. लाट येऊन पुसून जाते, चुकीची भीती राहत नाही.

हे काही नवं नाही. आपल्याकडे पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षर काढायची चाल होती. धूळपाटी हा शब्द तिथलाच. रोममध्ये १९०७ साली आपलं पहिलं बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी खरखरीत कागदाची अक्षरं मुलांच्या बोटांखाली देत, तेही त्याच जातीचं. आणि आपल्याच किनाऱ्यावर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. महागडी साधनं गावात परवडत नाहीत म्हणून शिंपले, पानं, बिया, खडे हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणताना बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथून आलं. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी ते पुढे आयुष्यभर केलं. ज्या किनाऱ्यावर हे घडलं, तिथल्या मुलांच्या हातात चौथ्या वर्षी चाररेघी वही कोंबलेली पाहून मला फार वाईट वाटतं.

कोणतं अक्षर आधी?

क ख ग घ ङ ही रचना अतिशय हुशारीने केलेली आहे. घशापासून ओठांपर्यंत आवाज तोंडात कुठे तयार होतो, त्या क्रमाने ती लावली आहे. पण तो कोष्टकाचा क्रम आहे, शिकण्याचा नाही. पहिली पाच अक्षरं शिकून मुलाला रोजच्या बोलण्यातला एक शब्द वाचता येत नाही.

जुन्या शिक्षकांचं ‘गमभन’ याहून शहाणं आहे. वळणं सारखी असलेली अक्षरं एकत्र. ग, म, न आणि र एवढी चार अक्षरं आणि एक काना घ्या: नाग, राग, रान, मान, गार, मगर, नगर. तिसऱ्या आठवड्यात मूल शब्द वाचतं! त्याला कळतं की या रेघांमधून खरंच काही बोललं जातं. मग व, ब, क. मग त, ल, स. ङ आणि ञ कित्येक महिने नाही दाखवले तरी काही बिघडत नाही.

लिहिताना आधी अक्षराचं अंग, मग दांडा, शेवटी शिरोरेघ. आपली अक्षरं बांबूवर वाळत टाकलेल्या बोंबलांसारखी वरच्या रेघेला लटकतात. इंग्रजी अक्षरं पाण्यावरच्या होड्यांसारखी खालच्या रेघेवर बसतात. दोन्ही लिप्या एकाच आठवड्यात सुरू केल्या की मुलाला रेघ नक्की कुठली धरायची ते कळेनासं होतं. दोन भाषा बोलायला, ऐकायला काहीच हरकत नाही; लिहिण्यात मात्र एक लिपी थोडी स्थिरावू द्यावी.

जुन्या-नव्या पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिसतात, त्यानेही पालक बुचकळ्यात पडतात. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला आहे. घरात जुनं पुस्तक असेल तर दोन्ही दाखवावेत. वाचायला दोन्ही, लिहायला एक.

“आम्ही तर गिरवूनच शिकलो”

खरं आहे, आणि काहींचं अक्षर मोत्यासारखं आहे. पण त्याच वर्गातले किती जण दुसरीनंतर शाळेत दिसले नाहीत, तेही आठवून पाहावं.

गिरवण्याला माझा विरोध नाही. वळण कळायला चार-पाच वेळा गिरवावं. पुढे मात्र मुलाने स्वतःच्या मनाने काढलं पाहिजे. अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. वाचनासाठी लागणारे भाग जागे झाले ते मनाने काढलेली अक्षरं पाहताना. गिरवलेली किंवा दाबलेली पाहताना तसं दिसलं नाही. स्वतः काढलेला ‘ग’ दरवेळी थोडा वेगळा येतो, कधी पोट मोठं, कधी दांडा वाकडा, आणि या सगळ्या वेडेपणातून ‘ग’ म्हणजे नक्की काय ते मेंदू शिकतो. म्हणून वाकड्या अक्षरांचं पान रबराने खोडायला लावू नका. मोबाइलच्या काचेवर बोटाने ठिपके जोडणं हेही गिरवणंच आहे. गाणी ऐकायला मोबाइल चालेल, लिहायला माती, वाळू, खडू.

उलटा तीन, डावा हात

३ चा ६ होतो, २ उलटा पडतो. पालक घाबरतात. होडीचं नाळेकडचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, ती होडीच. हे ओळखायला मेंदू जन्मापासून शिकलेला असतो. तोंड फिरलं की वस्तूच बदलते, हा नियम जगात फक्त अक्षरांना आणि अंकांना आहे. तो अंगवळणी पडायला सहा-सात वर्षांपर्यंतचा वेळ द्यावा.

दहातलं एखादं मूल डावखुरं असतं. त्याचा हात बांधू नये, मारू नये, “शुभ नाही” म्हणू नये. वही थोडी उजवीकडे तिरकी करून द्यावी आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावं, म्हणजे शेजाऱ्याचा कोपर लागत नाही. एवढंच करायचं असतं.

मग काळजी कधी करायची?

पाच वर्षं पुरी होऊनही यमक ऐकू येत नसेल, शब्दांच्या टाळ्या जमत नसतील, किंवा हाक मारल्यावर मूल वारंवार “काय?” म्हणत असेल, तर पहिल्यांदा कान तपासून घ्या. पावसाळाभर सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि दुखत नसतानाही कमी ऐकू येतं. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ हे फरक तेव्हा आधी बुजतात. अशा एका मुलाला मी वर्षभर लक्ष नसलेला समजत होते. मागच्या बाकावर बसवलं होतं. कान बरा झाल्यावर दोन महिन्यांत तो वाचू लागला. ते वर्ष मला त्याला परत देता आलं नाही.

फळ्यावरचं डोळे बारीक करून पाहत असेल तर डोळे तपासा. ऐकणं-पाहणं ठीक असून, नीट शिकवूनही दुसरी संपेपर्यंत साधे शब्द जुळत नसतील, तर वाचनाची विशेष अडचण असू शकते. तिला आळस म्हणू नका, तज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. ते कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी कितीही पाऊस असला तरी मुलाला घरी ठेवू नका.